दुखऱ्या पाठीला भेट काय द्यावी: मसाजर, शेकपिशवी की पिंजून आणलेली गादी?

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले की माय माझी पिशवी उचलायला वाकते आणि तिथंच थबकते. एक हात कमरेवर, दुसऱ्यानं दाराची चौकट धरलेली. चाळीस हंगाम कमरेला झोळी बांधून कापूस वेचलेली पाठ ती. गेल्या पाच-सहा वर्षांत तिच्यासाठी, खांदा जखडलेल्या मोठ्या बहिणीसाठी आणि रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्या दिरासाठी मी बरंच काही विकत घेतलं. निम्मं कपाटात पडून आहे. तुम्ही अशाच खरेदीला निघाला असाल तर माझे पैसे कुठे गेले ते ऐकून ठेवा.

सगळ्यात महाग चूक आधी सांगते. दिवाळीच्या सेलमध्ये पिस्तुलासारखा मसाजर मागवला. मायची पाठ दुखते दोन्ही खवाट्यांच्या मधोमध. तिथं रिकामा हात पोचत नाही, तर ते धूड धरून काय पोचणार? मागं बसून चालवायला कोणीतरी हवं, आणि दुपारी घरात ती एकटी. चार दिवसांनी म्हणाली, "हाई मना कामनं नई, तूच लई जाय." आता तो दिराकडे आहे. तिशीतला गडी, दंडावर आणि मांड्यांवर स्वतःच फिरवतो, खूश आहे. हाडं ठिसूळ झालेल्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मसाजर देऊ नका. आणि देणार त्याला बजावून सांगा, थेट मणक्यावर आणि गळ्यावर चालवायचा नाही.

तेव्हापासून घेण्याआधी मी एकच गोष्ट बघते: घरात कोणी नसताना त्या माणसाला ते एकट्यानं वापरता येईल का?

शेकाच्या पिशव्या इथं बऱ्याच पुढे आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. रबरी पिशवी दोन-चारशे रुपयांत येते, लाइट लागत नाही, ऊबही बराच वेळ टिकते. पण भरताना एका हातात गरम पाण्याचं पातेलं आणि दुसऱ्यात पिशवीचं तोंड. बहिणीचा हात खांद्याच्या वर जात नाही, तिला ते जमेचना. जमत असेल त्यांनीही उकळतं पाणी घालू नये, दोन तृतीयांश भरून वरची हवा दाबून काढावी. बहिणीला मग विजेवरची जेलची पिशवी दिली. काही मिनिटांत गरम होते आणि आपोआप बंद पडते. वायर काढल्याशिवाय ती अंगाला लावायची नाही, एवढं पाळायचं. लाइट नसेल तेव्हा मात्र ती नुसती उशी.

मायला दोन्ही नको होत्या. तिच्यासाठी मी दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, पिशवी शिवली. मांजरपाटाचं कापड, हातभर लांब, वीतभर रुंद, एका तोंडाला नाडी. किलोभर दादर कढईत मंद आचेवर परतायची, पिशवीत ओतायची, नाडी बांधायची. पिशवी अर्धीच भरायची, म्हणजे खोगिरासारखी खांद्याच्या दोन्ही बाजूंना पडते आणि अंगाच्या वळणाला धरून बसते. ऊब वीसेक मिनिटं टिकते आणि भाकरी भाजल्यासारखा वास येतो. आच वाढवू नका, लाह्या होतात. माझ्या झाल्या. पावसाळ्यात दाण्यांत सोंडे होतात, तेव्हा जुने कोंबड्यांना टाकून नवे भरायचे. खर्च जवळपास नाहीच, आणि माझ्या सगळ्या खरेदीत मायनं सर्वात जास्त वापरलेली वस्तू हीच.

पिशवी कुठलीही द्या, सोबत दोन गोष्टी सांगा. मधुमेह असेल तर कधीकधी कातडीला चटका कळत नाही, म्हणून मध्ये टॉवेल हवा, पंधरा-वीस मिनिटांहून जास्त नको आणि पिशवी लावून झोपायचं नाही. दुसरं, वेदनाशामक मलम चोळून त्यावर शेक घ्यायचा नाही, कातडी भाजते.

आता मोसमाचं बघा. भाऊबीजेनंतर थंडी पडते, शेकपिशवी लगेच कामाला येते. अखाजीला जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास. त्या उकाड्यात शेक कोण घेणार? तेव्हा गादीचं बघावं. मऊ मेमरी फोम आमच्या उन्हाळ्यात आणखी मऊ पडतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो, पाठ घामानं भिजते. त्यापेक्षा घरचीच कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या, गोळे मोडतात आणि मध्ये पडलेला खड्डा भरून निघतो. पाठ दुखते म्हणून फळीवर झोपायला सांगणारे आमच्याकडे खूप आहेत. २००३ साली स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवून पाहिलं, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवाल्यांना जास्त आराम पडला. पिंजलेली गादी त्या मध्यमाच्या जवळपास येते असं मला वाटतं.

कमरेचा पट्टा भेट म्हणून नकोच. माप चुकतं, उन्हाळ्यात घामोळं येतं, आणि तो किती दिवस बांधायचा हे डॉक्टरांनीच सांगायचं असतं. आणि दुखणं पायात उतरून मुंग्या येत असतील, लघवीवर ताबा राहत नसेल, किंवा खांद्याबरोबर छाती दाटून घाम फुटत असेल, तर भेट बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

एक वस्तू कोणी भेटीत धरत नाही: लांब दांड्याचा, उभ्यानं मारायचा झाडू. माय रोज पहाटे केरसुणीनं अंगण झाडते, कमरेत दुमडून, आणि दिवसभराची चमक तिथंच सुरू होते. झाडू भेट दिला तर लोक काय म्हणतील, हे माझ्याही मनात आलं. मग धनतेरसच्या आधीच भावाच्या हाती पाठवून दिला, लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पुजतातच. मायनं दोन्हींना हळदकुंकू वाहिलं. पाडव्याला फोनवर म्हणाली, शेजारीण येऊन विचारून गेली, कुठून आणला म्हणून.