स्वयंपाकघरातला कोटा: दोन वर्षांनंतर
स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना आम्ही चकचकीत व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली) फरशी नाकारून राजस्थानचा कोटा दगड बसवला, आणि दोन वर्षांच्या वापरानंतर तो निर्णय बव्हंशी योग्य वाटतो. कमी पॉलिश केलेला हा दगड ओला असतानाही पाय फारसा घसरू देत नाही. मात्र कोटा मुळात चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच किंवा कोकमाचे आगळ सांडून तसेच राहिले, तर पॉलिश मरून पांढुरके डाग पडतात. आमच्या ओट्यापाशी असे तीन आहेत, आणि तिन्ही माझ्याच हातचे. एवढी सावधगिरी ज्यांना जमणार नाही, त्यांनी ०.५ टक्क्यांहून कमी पाणी शोषणारी मॅट व्हिट्रिफाइड फरशी घ्यावी, पण सांधे एपॉक्सीने (पाणी-तेल न शोषणाऱ्या राळेच्या मसाल्याने) भरून घ्यावेत, कारण साध्या सिमेंटच्या सांध्यांत हळद आणि तेल मुरते.