बेळगाव कॅम्पातलं जुन्या मालाचं दुकान आणि तिथली 'महायुद्धाची' हेल्मेटं: ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगून टाकतो, ब्रिटिश हेल्मेट पाहिजे असेल तर जावा, जर्मन पाहिजे असेल तर काकांचा चहा प्या आणि परत या. दुकानाचं नाव लिहीत नाही, पितळी दुर्बिणी आणि भोंग्याचे ग्रामोफोन बाहेर मांडलेले असतात तिथलंच (ते ग्रामोफोन सगळे नवे, त्यावर बोलायलाच नको).

मालक काका माणूस गोड. "या री, बसा री, बघायला काय पैसे लागत्यात?" हेल्मेट उलटं करून बघू देतात, लायनर म्हणजे आतलं चामड्याचं अस्तर सारून आत टॉर्च मारला तरी कपाळाला आठी नाही. एक स्टार नुसता ह्याचा, कारण मोठ्या शहरात काचेच्या कपाटातनं लांबून दाखवतात आणि घ्यायचं तर घ्या म्हणतात.

आता माल. ब्रिटिश मार्क टू म्हणजे ते परातीसारखं पसरट, आपली मराठा पलटण १९४१ ला आफ्रिकेत इरिट्रियातल्या केरनला आणि नंतर इटलीत हेच घालून लढली. हे ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवा. ह्याचं पोलाद मँगनीजचं, चुंबक धरत नाही. खटकन चिकटला तर एकतर साध्या पोलादाचं हेल्मेट, जे तिकडे विलायतेत शहरांत हवाई हल्ल्याच्या वेळी वॉर्डन वगैरे लोकांना दिलेलं, नाहीतर मग कालपरवा कुठेतरी ठोकलेला पत्रा. त्या कमी दर्जाच्या हेल्मेटांच्या काठाला बारीक भोकं मारायचे, सैन्यात जाऊ नयेत म्हणून. पण मागच्या बाजूला ओळीत तीन भोकं असली तर घाबरू नका, ती दक्षिण आफ्रिकेत बनलेली असतात आणि ती चांगली. काठाच्या खालच्या अंगाला कंपनीची अक्षरं आणि साल ठोकलेलं असतं, बीएमबी, जेएसएस, एचबीएच असं काहीतरी. लायनरवर वेगळं साल असतं आणि दोन्ही जुळली नाहीत की लोक लगेच नकली म्हणून मोकळे होतात, तसं नसतंय. पहिल्या युद्धातल्या जुन्या टोप्यांना नंतर नवीन लायनर बसवून परत वापरलेत, आणि लायनर फाटला की स्टोअरमधून दुसरा मिळायचा. मला उलट सगळंच नीट जुळलेलं आणि वर चामडं लोण्यासारखं मऊ दिसलं की शंका येते. आपल्याकडचा पाऊस बघा की, खानापूरकडच्या घरात माळ्यावर चार पावसाळे ठेवलेली चप्पल बुरशीनं पांढरी होते, मग ऐंशी वर्षं माळ्यावर पडलेलं चामडं असं कसं राहील? डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेलं असलं तर गोष्ट वेगळी, पण मग वास येतो.

काकांकडच्या मार्क टू मला पटल्या. गंज काळपट तपकिरी, खड्ड्यात बसलेला, रंग काठावर आणि टाळूवर झिजलेला, म्हणजे जिथे हात लागतो आणि ठेवताना आपटतं तिथेच. ॲसिड मारून आणलेला गंज सगळीकडे सारखा नारिंगी येतो आणि बोट लावलं की पावडर निघते. टाळूवरच्या स्क्रूची खाच पण बघा, रंगानं बुजलेली आणि न हललेली असली तर आतला लायनर बऱ्याच वर्षांत कुणी काढलेला नाही.

जर्मन मालाची मात्र कमाल आहे. काकांनी स्वतः चुंबक लावून दाखवला, "बघा, अस्सल जर्मन लोखंड!" अहो काका, जर्मन हेल्मेटाला चुंबक चिकटतोच, खऱ्याला पण आणि खोट्याला पण. हातात दिलं ते एम ४२, म्हणजे काठ आत न दुमडलेलं, १९४२ पासूनचं, आणि त्याच्या बाजूला जर्मन तिरंगी (काळा-पांढरा-लाल) ढालीचं स्टिकर! ते तिरंगी चिन्ह १९४० लाच बंद झालं. मग हे १९४२ च्या हेल्मेटावर आलं कुठून? आत डाव्या बाजूला ईटी ६४, क्यू ६६ असला साईजचा ठसा असायला पाहिजे, तिथे नुसता काळा रंग, आणि थिनरचा वास अजून गेला नव्हता.

ह्यावर काकांची गोष्ट अशी की निपाणीकडच्या एका सुभेदारांनी इटलीतनं आणलं. गोष्ट अशक्य नाही, हाच वांधा आहे. नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर आणि यशवंत घाडगेंना जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघं मराठा पलटणीचेच, इकडे गावोगाव कुणाचे ना कुणाचे आजोबा इटलीला गेलेले. म्हणून बेळगावात ही गोष्ट पटकन खपते आणि किंमत तिच्यावरच चढते. सुभेदारांचं पेबुक (पलटणीतली पगाराची वही), पत्र, फोटो काहीतरी दाखवा म्हटल्यावर काका म्हणाले घरचे देत नाहीत.

आणि ते गोळीचं भोक. भोकवाल्या मार्क टूला काका बिनभोकाच्या दुप्पट सांगतात. मी बोट फिरवून बघितलं, कड एकदम गोल गुळगुळीत. गोळी आरपार गेली की पत्रा आतल्या बाजूला फाटून कडा वाकतात. हे ड्रिलचं काम, तेही खानापूर रोडच्या कुठल्यातरी वर्कशॉपचं असणार.

कुणाला पहिल्या युद्धातली टोपी मिळाली आणि परदेशातल्या पाहुण्याला पाठवायची असेल तर नका पाठवू, १०० वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष धरतात, बाहेर नेता येत नाही.

सकाळी जावा, आत एकच ट्यूबलाईट आहे आणि दुपारी करंट गेला की रंग कळत नाही. पक्कं बिल मागितलं तर काका कच्च्या चिठ्ठीवर 'जुना लोखंडी माल' एवढंच लिहून देतात, तेव्हा भाव पण त्याच हिशेबानं करा.