फार्गो डीटीसी १२५०ई : हजेरीच्या स्वाइप कार्डांसाठी कसा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याला हजेरीची कार्डं स्वतःच काढायची असतील, तर हा कार्ड छापायचा प्रिंटर पुरेसा आहे. पूर्ण रंगीत कार्डाची छपाई साधारण १६ सेकंदांत होते (एन्कोडिंगचा, म्हणजे कार्डामागच्या चुंबकीय पट्टीवर माहिती लिहिण्याचा वेळ वेगळा) आणि हॉपरमध्ये, म्हणजे कोऱ्या कार्डांच्या ट्रेमध्ये, १०० कार्डं मावतात. मात्र मॅग्नेटिक एन्कोडर हा ऐच्छिक भाग आहे. कोटेशनमध्ये तो लिहिलेला नसेल, तर मशीन फक्त छापेल.

बहुतेक तक्रारी पट्टी आणि सेटिंग न जुळल्याच्या असतात. काळी पट्टी सहसा हायको, म्हणजे २७५० ओर्स्टेडची (नोंद पुसायला किती जोराचं चुंबक लागतं, त्याचं हे माप). तपकिरी पट्टी लोको, ३०० ची. कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर ड्रायव्हरच्या मॅग्नेटिक एन्कोडिंग टॅबमध्ये तेच निवडा. हायको कार्डावर लोको सेटिंगने लिहिलं तर नोंद कमजोर उमटते आणि रीडर कार्ड धड वाचत नाही. घ्यायचं तर हायकोच घ्या. लोको पट्टी पर्सच्या किंवा मोबाइल कव्हरच्या चुंबकानेही पुसली जाते.

डेटा पाठवणं सोपं आहे. पट्टीवर माहितीच्या वेगवेगळ्या ओळी असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. कार्डाच्या डिझाइनमध्ये टेक्स्ट बॉक्स टाकून ~2;00457? असं लिहा (~2 म्हणजे दुसरा ट्रॅक, ; आणि ? या सुरुवातीच्या-शेवटाच्या खुणा, मधला कामगार क्रमांक). हा मजकूर छापला जात नाही, दुसऱ्या ट्रॅकवर जातो. बॉक्स रुंद ठेवा, मजकूर एकाच ओळीत बसला पाहिजे. या ट्रॅकवर फक्त आकडे चालतात, जास्तीत जास्त ३७. पहिल्या ट्रॅकवर ७६ अक्षरं बसतात, पण इंग्रजी कॅपिटलच, देवनागरी नाही. म्हणून नाव मराठीत छापा आणि पट्टीवर निव्वळ कामगार क्रमांक ठेवा. पट्टीची नक्कल सहज होते, त्यामुळे तिच्यावर पगार-पाण्याची माहिती नकोच.

एक्सेलमधून यादी घेताना क्रमांकाचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ००४५७ चा ४५७ होतो, कार्ड व्यवस्थित वाचलं जातं आणि हजेरीचं सॉफ्टवेअर मात्र माणूसच सापडत नाही म्हणतं! दोष मग उगाच प्रिंटरवर येतो.

गेटवरचा रीडर कार्ड आत खुपसायचा असेल, तर ‘शिफ्ट डेटा लेफ्ट’ (नोंद पट्टीच्या डाव्या बाजूला सरकवणारं ड्रायव्हरमधलं सेटिंग) चालू करून आधी एकच कार्ड काढून पाहा. लिहिलेली नोंद तपासून पाहणारा पडताळणीचा पर्याय मात्र कायम चालू असावा.

सोलापुरात खरी कटकट सुताच्या तुसांची. मशीन लूमच्या शेडमध्ये नको, बंद ऑफिसात ठेवा. कंपनी सुमारे हजार कार्डांमागे सफाई सांगते. इथे रिबन बदलताना दर वेळी क्लीनिंग कार्ड फिरवलेलं बरं.