सिम्पसनचं वाळवंट, नऊ गाड्या आणि चॅनल १०

माझे बाबा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली हे घाट त्यांना अंगणासारखे. गेल्या वर्षी ते आमच्याकडे अॅडलेडला आले आणि जुलैत आम्ही तिघांनी, म्हणजे मी, नवरा आणि बाबांनी, सिम्पसन वाळवंट पश्चिमेकडून पूर्वेला ओलांडलं. गाडी आमचीच, दहा वर्षं जुनी डिझेल प्राडो. एका टूर कंपनीच्या ताफ्यातून गेलो. ताफ्यात सात गाड्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकांच्या होत्या आणि दोन कंपनीच्या: एक सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे. याला इथे टॅग-अलाँग म्हणतात. गाडी, डिझेल, तंबू आपला. वाट, रेडिओ, रात्रीचं जेवण आणि अडकलात तर बाहेर काढणं त्यांचं. गाडीमागे साधारण दोन हजार डॉलर पडले.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मला जे चांगलं वाटलं आणि जे खटकलं, ते दोन्ही अशी कुठलीही टूर ठरवताना विचारून घेण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागेबद्दल, कारण फोटोंवरून तिचा अंदाज येत नाही. सिम्पसन म्हणजे सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटरची लाल वाळू, साउथ ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरी आणि क्वीन्सलँड अशा तीन भागांत पसरलेली. वाळूच्या टेकड्या एकमेकींना समांतर, उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे, काही तर दोनशे किलोमीटर लांब. आपण त्या आडव्या कापत जातो. एकूण ११०० हून जास्त टेकड्या लागतात असं सगळेच सांगतात. मी पहिल्या दिवशी ६४ पर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. आम्ही गेलो ती वाट फ्रेंच लाइन. १९६० च्या दशकात एका फ्रेंच तेल कंपनीने तेलाच्या शोधासाठी ती सरळ रेषेत पाडली. तेल मिळालं नाही, वाट राहिली. वाट ज्या राष्ट्रीय पार्कमधून जाते तो १ डिसेंबर ते १५ मार्च उन्हामुळे बंदच असतो. जवळच्या ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय, त्यावरून समजा.

वाळवंटाच्या पश्चिमेला माउंट डेअरच्या हॉटेलपाशी सगळे जमलो. शेवटचा डिझेल पंप तिथेच. पुढचा थेट पूर्वेकडच्या बर्ड्सव्हिल गावाला, आमच्या वाटेने पावणेपाचशे किलोमीटरवर. कंपनीने दोन महिने आधी पत्र पाठवून टाकीची क्षमता, टायरचं वय, सस्पेन्शन, रेडिओ असं सगळं विचारलं होतं. प्राडोच्या दोन टाक्या मिळून १५० लिटर, त्यामुळे कॅन लागले नाहीत. प्रत्यक्षात १०४ लिटर जळलं. रस्त्यावर हीच गाडी शंभर किलोमीटरला नऊ लिटर खाते, वाळूत बावीसवर गेली. ही आधीची विचारणा फार नीट होती. गुण द्यायचे तर इथे पूर्ण देते.

पहिला मुक्काम डलहाउझी स्प्रिंग्ज. जमिनीखालच्या ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी इथे आपोआप वर येतं, ३४ ते ३८ अंश गरम. बाहेर पहाटे दोन अंश, आणि तळ्यात शिरलं की अंग सैल पडतं. या झऱ्यांमधले काही मासे जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. त्यांतलेच असावेत, बारीक मासे पायाच्या बोटांना टोचा मारत होते. बाबा वज्रेश्वरीच्या कुंडांची आठवण काढत तासभर बसले. दुसऱ्या दिवशी आम्हाला सकाळी सातलाच हलवलं, हे मला आवडलं नाही. इतक्या लांब येऊन डलहाउझीला एकच संध्याकाळ म्हणजे फारच कमी. पूर्ण एक दिवस हवाच.

पर्नी बोअरपाशी, म्हणजे १९६३ साली तेलासाठी खणलेल्या आणि पाणीच देणाऱ्या विहिरीपाशी, सगळ्यांना खाली उतरवलं आणि टायरची हवा काढायला लावली. इथून खरी टूर सुरू झाली. पुढच्या गाडीचा माणूस शांत, पन्नाशीचा. प्रत्येक गाडीपाशी स्वतः गेज घेऊन आला. आम्ही ३८ पीएसआयवरून (हे टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) आधी दगडी रस्त्यासाठी २८ वर आलो होतो, आता १८. त्याने वाळूत बोटाने दाखवलं: हवा कमी केली की टायर रुंदीत कमी आणि लांबीत जास्त पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. मग गाडी वाळूवरून चालते, वाळू खणत नाही. फ्रेंच लाइनच्या चढांवर जे गुडघाभर खड्डे पडलेत ते हवा न काढता जोर लावणाऱ्यांमुळे. चाक फिरतं, उडतं, आदळतं आणि पुढच्याला खड्डा ठेवून जातं. हे ऐकल्यावर हवा काढणं ही आपल्या सोयीची गोष्ट राहत नाही, मागून येणाऱ्याबद्दलची जबाबदारी होते. बाबांना हे लगेच पटलं.

दुसरा धडा गिअरचा. तो म्हणाला, चढ सुरू व्हायच्या आधी लो रेंजमध्ये (फोर-व्हील गाडीतली कमी वेगाची, जास्त जोराची सोय) गिअर ठरवा, मधे बदलू नका, आणि माथ्याच्या थोडं आधी पाय हलका करा. मी हे बाबांना मराठीत सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, मग काय वेगळं सांगितलं त्यानं? पसरणीला नवीन पोरांना मी हेच शिकवायचो. चढ लागायच्या आधी गिअर पाड. मधे पाडलास की गाडी दम सोडती." त्या संध्याकाळी शेकोटीपाशी मी हे त्या गाइडला सांगितलं. त्याने बाबांना विचारलं, किती माणसं बसायची गाडीत? बाबांनी बोटं मोजून सांगितलं, बसून पन्नासेक आणि उभी मोजायची नाहीत. दोघं बराच वेळ बोलत बसले, मी मधे दुभाषी. गाइडने बाबांना दुसऱ्या दिवशी दोन तास स्वतःच्या गाडीत शेजारी बसवून नेलं. कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नव्हतं.

आता रेडिओ. सिम्पसनमध्ये सगळे यूएचएफ चॅनल १० वर असतात. टेकडीच्या माथ्यापलीकडचं दिसत नाही, समोरून कोणी वर येत असेल तर नाकासमोर धडक. म्हणून जमिनीपासून साडेतीन मीटर उंच झेंडा प्रत्येक गाडीला सक्तीचा, आणि रेडिओ सतत चालू. पुढचा माणूस सांगायचा, समोरून तीन गाड्या, खाली थांबा. मग एकेक गाडी वर, माथ्यावर पोचली की "पोचलो" आणि पुढची निघणार. सर्वांत शेवटी मागच्या गाडीतल्या बाई. साठीच्या असतील. त्यांचा आवाज सहा दिवस आमच्या कानात होता आणि त्यात एकदाही घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी मी एका टेकडीवर चार वेळा मागे घसरले. चारही वेळा सरळ रेषेत, चाकं न वळवता मागे यायला त्यांनीच शिकवलं, कारण उतारावर गाडी तिरकी झाली की उलटते. चौथ्यांदा त्या चालत वर आल्या, टायरला हात लावला, म्हणाल्या, गरम झालेत, त्यामुळे आतली हवा वाढलीय, दोन पीएसआय सोड. सोडली. पाचव्यांदा वर गेले. नवऱ्याने मधे "मी घेऊ का" म्हटलं होतं तेव्हा त्यांनी रेडिओवरच सांगितलं, गाडी तीच चालवेल. त्यांचे पैसे मला त्या एका वाक्यात वसूल झाले.

जे खटकलं ते हे. सात गिऱ्हाइकांतल्या एकाने मागे कॅम्पर ट्रेलर लावला होता. सिम्पसनमध्ये ट्रेलर आणू नका असं सगळीकडे सांगतात, आणि कंपनीनेच तो घेतला. तो तीनदा रुतला. दर वेळी दोर, फावडी, चाकाखाली घालायच्या पट्ट्या (रिकव्हरी ट्रॅक), आणि आम्ही बाकीचे उन्हात रांगेत. एका दिवशी आठ तासांत ७० किलोमीटर झाले. ट्रेलरवाला माणूस चांगला होता, दोष त्याचा नाही. ज्याने पैसे घेताना हो म्हटलं त्याचा.

दुसरं जेवण. बाबा माळकरी, फॉर्मवर मी "मांस नाही, अंडं नाही" असं स्पष्ट लिहिलं होतं. दोन दिवस डाळ, भाज्या, ब्रेड ठीक मिळालं. तिसऱ्या रात्री भाज्या त्याच तव्यावर भाजल्या ज्यावर आधी सॉसेज होते. मी पाहिलं म्हणून कळलं. बाबा काही बोलले नाहीत, म्हणाले, "मला भूक नाही गं." गाडीत ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती काढली. सांगितल्यावर त्यांनी माफी मागितली आणि उरलेले दिवस वेगळा तवा ठेवला. पण न सांगता हे व्हायला हवं होतं. शाकाहारी लोकांनी स्वतःचं छोटं पातेलं आणि गॅस न्यावाच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. शेकोटीपाशी गोष्टी रंगायच्या, आणि चांगल्या असायच्या. वाळवंटाला नाव १९२९ मध्ये विमानातून पाहणी करणाऱ्या मॅडिगनने दिलं, अॅडलेडचे कारखानदार अल्फ्रेड अॅलन सिम्पसन यांच्यावरून. १९३६ मध्ये टेड कोल्सनने उंटांवरून ते ओलांडलं. १९६२ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग, पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन मुलं पहिल्यांदा मोटारीतून पार गेली. पण कोल्सनबरोबर पीटर एन्स हा आदिवासी सोबती होता हे मला सांगावं लागलं. आणि वांगकांगुरू लोक याच टेकड्यांमधे हाताने खणलेल्या मिकिरी नावाच्या बारीक विहिरींवर पिढ्यान्पिढ्या राहिले, १९०० च्या सुमारास शेवटचे बाहेर पडले, याचा सहा दिवसांत एकदाही उल्लेख नाही. या पार्कचं मुंगा-थिरी हे नावच त्यांच्या भाषेतलं आहे, मोठ्या वाळूटेकड्यांचा प्रदेश. ज्यांना इथे पाणी कुठे आहे हे ठाऊक होतं त्यांना वगळून "पहिला कोण" हे सांगणं मला पटत नाही. मी गाइडला तसं म्हटलं. त्याने ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

उंटांची एक गोष्ट मात्र मी सांगितली. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायला निघालेल्या १८६० च्या बर्क आणि विल्स मोहिमेसाठी २४ उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले गेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे हजारो उंट आणि त्यांना हाकणारे लोक आले, बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान इथून. इथे सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत. आज वाळवंटात दिसणारे रानटी उंट त्यांचेच वंशज. दुसऱ्या दिवशी पोपेल कॉर्नरच्या अलीकडे सात उंट टेकडीच्या धारेवर उभे दिसले आणि रेडिओवर कोणीतरी म्हणालं, तुमच्या गावचे पाहुणे. बाबांना भाषांतर करून सांगितलं तर त्यांनी काच खाली करून हात केला.

पोपेल कॉर्नर म्हणजे तीन हद्दी मिळतात तो खांब. १८८० मध्ये ऑगस्टस पोपेलने मोजणी केली, नंतर कळलं की त्याची मोजणीची साखळी इंचभर लांब झाली होती, त्यामुळे खांब चुकीच्या जागी, आणि तो हलवावा लागला. इथे गर्दी असते, अर्धा तास पुरे. त्याच्या आसपासची खारी तळी जास्त सुंदर आहेत. दुपारी पांढरा तळ आणि लाल काठ पाहून डोळे दिपतात. पुढे क्वीन्सलँडच्या बाजूला टेकड्या उंच होत जातात पण लांब लांब, मधे दरीत गिजी नावाच्या बाभळीची झाडं. मला हा भाग फ्रेंच लाइनपेक्षा सोपा गेला.

शेवटची बिग रेड, बर्ड्सव्हिलच्या अलीकडे ३५ किलोमीटरवर, सुमारे ४० मीटर उंच. कंपनी तिथे प्रत्येकाला तीन प्रयत्न देते, बाजूने सोपी वाटही आहे. मी दुसऱ्या प्रयत्नात वर गेले, १६ पीएसआय, लो रेंज, दुसरा गिअर. बाबा मागच्या सीटवर एक शब्द बोलले नाहीत. माथ्यावर गाडी थांबवल्यावर खाली उतरून त्यांनी आधी टायर तपासले, मग मला म्हणाले, "इंजिन लगेच बंद करू नको, जरा चालू दे."

बर्ड्सव्हिलला १८८४ सालच्या हॉटेलासमोर कॉम्प्रेसर काढून सगळ्यांनी हवा भरली. एकेका टायरला सहा-सात मिनिटं. तेवढ्यात मागच्या गाडीतल्या बाई प्रत्येकाचं चाक, नट, गाडीखालचा भाग पाहत फिरत होत्या. आमच्या मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा एक बोल्ट ढिला झालेला त्यांनाच सापडला. तो तसाच राहिला असता तर अॅडलेडपर्यंतच्या परतीच्या रस्त्यावर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

पाचपैकी चार. एक गुण ट्रेलरचा आणि तव्याचा मिळून कापला. बाबा पुढच्या जूनमध्ये परत येतायत. मी त्याच कंपनीला लिहिलंय: ताफ्यात जास्तीत जास्त पाच गाड्या असलेली तारीख आहे का, ट्रेलर घेणार नाही हे लेखी देता का, डलहाउझीला दोन रात्री मिळतील का, आणि मागच्या गाडीत त्याच बाई असतील का. पहिल्या तिन्हींना हो आलंय. चौथ्याचं उत्तर सोमवारी देतो म्हणालेत.