४ टीबी म्हणून ६४ जीबी गळ्यात मारली

एक्सटर्नल एसएसडी (केबलने जोडायची, चिपवर डेटा साठवणारी वेगवान ड्राइव्ह) घेतली ४ टीबीची, निघाली ६४ जीबीची. मुळात ती एसएसडी नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या डबीत यूएसबी कार्ड रीडरची सर्किट, त्यात खोचलेलं मायक्रोएसडी कार्ड आणि वजन यावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. संगणकातलं कळणाऱ्याने असं फसावं याची लाज वाटते. तरी आकड्यांसकट लिहितो आहे, कारण हा माल अजून विकला जातोय.

नकली ड्राइव्ह असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या लगेच पकडल्या का जात नाहीत, ते बघा. कंट्रोलरचं, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचं, फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम) बदललेलं असतं. सिस्टिमने क्षमता विचारली की ते बेधडक ४ टीबी सांगतं. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये ३.६३ टीबी दिसत होते, म्हणजे खऱ्या ४ टीबी ड्राइव्हचे दिसतात तितकेच. पहिले ५९ जीबी नीट लिहिले जातात. पुढचा डेटा एकतर टाकून दिला जातो, नाहीतर आधीच्याच डेटावर लिहिला जातो. फायलींची नावं आणि आकार यांची नोंद ड्राइव्हच्या सुरुवातीला असते आणि ती शाबूत राहते, म्हणून फोल्डर उघडलं की सगळं जागच्या जागी दिसतं. ३१२ जीबी कॉपी झाले, एकही एरर नाही. नंतर व्हिडिओ उघडेनात, फोटो अर्ध्यावर करडे. अडीचशे जीबीहून जास्त डेटा गेला, आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका, जो डेटा चिपवर उरलेलाच नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

कळायला हवं होतं ते पहिल्याच कॉपीला. खोक्यावर सेकंदाला १००० एमबी छापलेलं आणि वेग ३० एमबीवर खिळलेला. केबल बदलली, पोर्ट बदलला, आकडा हलला नाही. जुन्या यूएसबी २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, त्यातले प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी हाती लागतात. म्हणजे आत यूएसबी २.० चंच सर्किट, उत्तर समोर होतं! चांगल्या एसएसडीसुद्धा एसएलसी कॅश (डेटा आधी झटपट लिहून घेणारा छोटा वेगवान भाग) भरली की मंदावतात, म्हणून संशय आला नाही, आणि हे काही अडाणीपणाचं कारण नव्हे. पण कॅश भरल्यावरची घसरण आधी जोरात धावून मग येते. इथे पहिल्या जीबीपासूनच ३० होते. हा फरक त्या क्षणी लक्षात आला नाही, याचाच राग जास्त येतो.

डिव्हाइस मॅनेजरही सांगत होता. वेगवान यूएसबी एसएसडी तिथे बहुधा ‘यूएएस मास स्टोरेज’ (यूएएस म्हणजे यूएसबीवरची वेगवान पद्धत) म्हणून दिसते, ही नुसतीच ‘मास स्टोरेज’ होती. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोच्या यादीत ती आलीच नाही. आणि वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कवर क्षमतेसाठी विसंबू नका, ते एरवी फक्त १ जीबीची फाइल लिहून वेग मोजतं.

खरी चाचणी एकच: ड्राइव्ह काठोकाठ भरायची आणि परत वाचायची. त्यासाठीचे प्रोग्राम: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर लिहायला एफ३राइट, मग वाचायला एफ३रीड. ड्राइव्ह रिकामी असतानाच करा. ३० एमबीच्या वेगाने ४ टीबी लिहायला ३७ तास, वाचायला जवळपास तितकेच, म्हणजे सलग तीन दिवस. परतीची मुदत ७ दिवसांची असेल तर खोकं आल्या दिवशीच सुरू करा. इतका वेळ नसेल तर निदान २०० जीबीची चाचणी लावा, ६४ जीबीचं सोंग तेवढ्यात उघडं पडतं. तिथे पास झाली म्हणजे खरी, असं मात्र नाही.

याच विक्रेत्याने विंडोजची ‘लाइफटाइम’ की (विंडोज चालू करायचा लायसन्स क्रमांक) दिली होती. लायसन्सची माहिती दाखवणारी एसएलएमजीआरची डीएलआय कमांड चालवल्यावर चॅनेल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, दिसलं व्हॉल्यूम केएमएस क्लायंट. हे संस्थांसाठीचं लायसन्स, १८० दिवसांत संस्थेच्या सर्व्हरकडून नूतनीकरण झालं नाही तर संपणारं. की टाकल्या टाकल्या ही कमांड चालवा.

ड्राइव्हच्या तक्रारीचं काय झालं तेही ऐका. विक्रेत्याने आधी किमतीच्या १५ टक्के देऊ केले, मग ३० टक्के, आणि अट अशी की वाईट अभिप्राय काढून टाका. विक्री ज्या पोर्टलवरून झाली त्यांनी एच२टेस्टडब्ल्यूचा अहवाल वाचलाच नाही, प्रॉपर्टीजचा फोटो मागवला, त्यात ३.६३ टीबी दिसले आणि ‘वस्तू वर्णनाप्रमाणे आहे’ म्हणून तक्रार बंद! जो आकडा खोटा आहे तोच पुरावा धरला. पुन्हा उघडली, पुन्हा तेच उत्तर. सायबर विभाग म्हणाला हा ग्राहकाचा वाद, ग्राहक विभाग म्हणाला हा सायबर गुन्हा. दोन्हीकडे तेच कागद चार-चार वेळा दिले. मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं, तर उत्तर मिळालं की डबी उघडल्यामुळे वॉरंटी गेली.

म्हणून खोकं उघडण्यापासून चाचणीच्या शेवटच्या ओळीपर्यंत सलग व्हिडिओ घ्या, आणि ३० टक्के घेऊन तक्रार मागे घेऊ नका. ‘एकदा फॉरमॅट करून बघा’ हे विक्रेत्याचं पहिलं वाक्य असतं. ऐकू नका. फॉरमॅट केलं की खराब फायली, चाचणीच्या फायली, सगळा पुरावा जातो, आणि ड्राइव्ह पुन्हा रिकामी ४ टीबी दाखवायला लागते.