करिसा: बोअरचं पाणी पचवलं, फळासाठी मात्र रडवलं

बोअर-टँकरवर जगणाऱ्या पुण्यातल्या गच्च्यांना नर्सरीवाले हल्ली करिसा गळ्यात मारतात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झुडूप, आपल्या करवंदाच्याच कुळातलं, म्हणून ‘खारं पाणी चालतं’. चालतं, हे खरं. कुंडीच्या काठावर पांढरा थर साचला तरी पानांचे शेंडे करपले नाहीत; शेजारच्या लिंबाचे करपले. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे मात्र झालं. तो मिठाचा नव्हे, जड (चुनखडीच्या क्षारांच्या) पाण्याचा त्रास. मातीचा सामू (पीएच) चढतो, लोह अडकून बसतं. हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर तेही तसंच अडकतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोहच, म्हणजे अशा मातीतही अडकून न बसता मुळांना मिळणारं लोह, लागतं, आणि ते स्वस्त नाही. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट मापाचं गोडं पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत.

पण खरा राग फळाचा. पांढरी, पाच पाकळ्यांची सुवासिक फुलं भरभरून येतात आणि तशीच गळतात. परागकोश फुलाच्या नळीत आत असतात. मूळ ठिकाणी तिथून पराग दुसऱ्या फुलावर नेण्याचं काम रात्रीचे पतंग आणि बारीक भुंगे करतात. वर, बऱ्याच झाडांना स्वतःचा पराग चालत नाही. ‘जोडीनं लावा’ म्हणून दुसऱ्या रोपाचेही पैसे घेतले, आणि दोन्ही निघाली एकाच झाडाची कलमं! म्हणजे जोडी कसली, तेच झाड दोनदा. विकणाऱ्याला याचं सोयरसुतक नाही. बुटकं, बिनकाट्याचं ‘बॉक्सवुड ब्यूटी’ वाणाचं झाड तर शोभेचंच. फळाला ‘फॅन्सी’ हा वाण मागा.

इथवर एकच तारा दिला असता. बियांपासूनचं वेगळं रोप शेजारी ठेवलं आणि संध्याकाळी शून्य नंबरचा ब्रश एका झाडाच्या फुलाच्या नळीत फिरवून दुसऱ्याच्या नळीत घातला, तेव्हा फळं धरली. आता तीन तारे. फुलं फांदीच्या शेंड्याला येतात, त्यामुळे माळ्याला कुंपणासारखी छाटणी करू देऊ नका. युरियाही नको, नुसते दुबेळक्याचे काटे वाढतात.

फळ पूर्ण लाल आणि मऊ झाल्यावरच, सालीबियांसकट खावं. बाकी झाड तोंडात घालायचं नाही. फळाची साल पातळ, लगेच दबते, टिकत नाही. जॅम करताना अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं टाळा. फळाचा चीक पातेल्याच्या कडेला वर्तुळ धरून बसतो, घासणीला दाद देत नाही. खायचं तेल चोळलं की निघतो.