वेलकम कलेक्शनची मोफत शरीरचित्रं: डाउनलोडपासून ठाण्यातल्या भिंतीपर्यंत

फिजिओथेरपीचं क्लिनिक असो, शाळेची प्रयोगशाळा असो की योगवर्ग, भिंतीवर मानवी शरीराचं चांगलं चित्र हवं असेल तर बाजारातल्या चकचकीत तक्त्यांच्या आधी लंडनच्या वेलकम कलेक्शन या वैद्यक-इतिहासाच्या संग्रहालयाचं संकेतस्थळ बघावं. 2014 मध्ये या संग्रहाने एक लाखाहून जास्त जुनी चित्रं मोफत खुली केली. पैसे नाहीत, वॉटरमार्क नाही. पाचपैकी साडेचार गुण सहज. अर्धा कापला तो शोधासाठी: तो इंग्रजीतूनच करावा लागतो आणि नुसतं 'स्केलेटन' टाकलं की समोर ढीग येतो.

म्हणून चित्रकाराच्या नावाने शोधा. सुरुवात हेन्री व्हॅनडाइक कार्टरपासून करावी. 'ग्रेज ॲनाटॉमी' या शरीररचनेच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाची 1858 ची चित्रं त्याची. त्याच वर्षी तो मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, म्हणजे आपल्या जे.जे.चाच माणूस. हाडांची आणि स्नायूंची नावं त्याने थेट त्या त्या भागावर लिहिली. आकडे बघून खालच्या यादीत नाव शोधायची कटकट नाही, त्यामुळे रुग्णाला समजावताना हीच चित्रं सर्वांत कामाची. बहुधा नेपाळात काढलेलं, संस्कृत मजकुराचं अठराव्या शतकातलं आयुर्वेदिक पुरुषाचं चित्रही इथेच आहे. ते रंगीतच छापावं.

मुंबईच्या 1896-97 च्या प्लेगचे फोटो इतिहासाच्या वर्गाला अमोल आहेत. पण आजारी माणसांचे फोटो वेटिंग रूममध्ये लावू नयेत. त्या रुग्णांना कुणी विचारलं होतं?

प्रत्येक चित्राखालचा परवाना वाचा. 'पब्लिक डोमेन' असेल तर मोकळीक, 'सीसी बाय' असेल तर श्रेय छापायचं, 'नॉन-कमर्शियल' असेल तर विकायच्या वस्तूवर नाही.

खरी गडबड होते ती छपाईत. लहान आकाराची फाइल स्क्रीनवर छान दिसते आणि कागदावर फुटते. नेहमी पूर्ण आकाराचीच घ्या. ए3 ला 300 डीपीआयने (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) 3508 × 4961 पिक्सेल लागतात. तेवढेच पिक्सेल ए1 वर ताणले तर जेमतेम 150 डीपीआय उरतात, ते लांबून बघायलाच ठीक. मूळ पानाचा आकारही बघा. शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसचा 1543 चा ग्रंथ मोठ्या फोलिओ आकाराचा, म्हणून ए3 वर तो जवळपास मूळ मापात बसतो. कार्टरची चित्रं लहान पानावरची. ए4 वर सुरेख, ए2 वर शाईचे फुगलेले काठ दिसतात.

पिवळट पान पांढरं करायला फोटो एडिटरमधलं 'लेव्हल्स' (गडद-फिकट कमीजास्त करायचं साधन) वापरा. थेट काळं-पांढरं केलं की सावलीच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि स्नायूच्या जागी काळा डाग उरतो. राखाडी चित्र चार रंगांतून छापलं तर हिरवट किंवा जांभळट झाक येते, म्हणून 'फक्त काळ्यात काढा' असं आधीच सांगा. नौपाड्यात किंवा स्टेशनजवळ प्रिंट काढताना फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, पेनड्राइव्हवर न्या. आधी ए4 चा एक नमुना काढून बरगड्यांमधल्या रेघा तपासा.

कागद 170 जीएसएम मॅट पुरतो. ग्लॉसी लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि नावं वाचता येत नाहीत. फ्लेक्स तर नकोच, त्यावर बारीक रेघ टिकत नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम चिकटवून लावू नका. मागे चारही कोपऱ्यांना रबरी बूच लावून हवा खेळती ठेवा, नाहीतर सप्टेंबरपर्यंत कागद लाटा घेतो आणि कडेने बुरशी चढते.